चिखलाने बूट ओढून घेऊ नये म्हणून

मार्चमध्ये इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये, ब्लीकलोसारख्या पठारावर डोंगरी शर्यत धावायची, तर तिथला काळा पीटचा (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा) चिखल पाय सोडतो, बूट सोडत नाही. नाडी कितीही आवळा, टाच वर सरकली की बूट गेलाच.

उपाय नाडीतच आहे. बहुतेक बुटांना घोट्याजवळ एक जादा भोक असतं, ते आपण रिकामंच ठेवतो. नाडीचं टोक त्याच बाजूच्या या भोकात बाहेरून आत घाला, पण पूर्ण ओढू नका, छोटा फास राहू द्या. दुसऱ्या बाजूलाही तसंच. आता डावं टोक उजव्या फासातून काढा, उजवं डाव्यातून. टाच मागे दाबून धरा आणि दोन्ही टोकं बाजूला, खाली ओढून आवळा.

गाठ दुहेरी मारा. उरलेल्या नाडीचे लोंबते तुकडे आडव्या नाड्यांखाली खोचा, नाहीतर हेदरच्या झुडपात हमखास अडकतात. वरून इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा दिला तर फारच छान (दिसायला भिकार, पण तिथे बघतंय कोण).

हे सगळं गाडीतच उरका. वाऱ्यात बोटं आखडली की फास ओवणं जमत नाही.

एक सांभाळा: टेप पावलाभोवती ताणून गुंडाळू नका. दहा मिनिटं चालून पाहा. पायाच्या बोटांना मुंग्या आल्या तर सोडून पुन्हा बांधा.