खंजिरी भजनाच्या मंडळासोबत रॉक गाणं बसवताना

पेटीचे सूर कार्यक्रमाच्या दिवशी बदलता येत नाहीत, गिटारचे येतात. म्हणून गाणं पेटीच्या पट्टीत न्यायचं.

सुरुवातीला अमेरिकन गायक बॉब डिलनचं ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ घ्या. मूळ गाणं १९६७ चं. १९६८ मध्ये गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने ते आपलंसं केलं. त्यात बारा तारांची अकूस्टिक गिटार डेव्ह मेसन या पाहुण्याची आहे. हेंड्रिक्सची पट्टी सी मायनर, डिलनची सी शार्प मायनर, म्हणजे आपली काळी एक. मंडळासाठी डिलनचीच धरा.

कापो (सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी चढवणारी चाप) गिटारच्या चौथ्या फ्रेटवर, म्हणजे चौथ्या घरात लावा आणि ए मायनर, जी, एफ, जी हे कॉर्ड वाजवा. प्रत्येक कॉर्ड दोन ठोके, आठ ठोक्यांत फेरा पूर्ण. खंजिरीचा आठ मात्रांचा केरवा त्यावर चपखल बसतो. गायकाची पट्टी काळी दोन असेल तर कापो सहाव्या फ्रेटवर.

खरी गडबड ट्यूनिंगमध्ये होते. गिटारवाला घरूनच मोबाइलच्या ट्यूनर ॲपवर ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला तारा लावून येतो, आणि जुनी पेटी दोन-चार हर्ट्झ वर-खाली असते. कापो लावल्यावर पाचवी तार मोकळी वाजवली की काळी एकच येते. तेव्हा पेटीवाल्यांना म्हणा, “बुवा, काळी एक दाबून ठेवजा जरा.” तो सूर ॲपला ऐकवा, काटा मध्यावर येईपर्यंत ४४० चा आकडा बदला, मग सहाही तारा त्याच आकड्यावर लावा. हिवाळ्यात रात्री गारठा वाढला की तारा आवळून सूर चढतो. दर दोन गाण्यांनी तपासा. चामड्याची खंजिरी मात्र दवाने ढिली पडते, ती शेकून घ्यावी लागते.

पेटीवर ग, ध, नी कोमल. आसावरी थाट म्हटलं की बुवांना कळतं. कोमल स्वर पाहून हात मालकंस रागाकडे वळतो आणि त्यात नसलेला पंचम सुटतो. मग ए मायनर पोकळ वाटतो. गिटारचा सोलो सा, कोमल ग, म, प, कोमल नी एवढ्यातच ठेवा. हे धानी रागाचे स्वर, पेटीला लगेच उत्तर देता येतं.

भोंग्यातून खर्ज जवळजवळ येतच नाही, त्यामुळे बास गिटार नेऊन उपयोग नाही. डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाडलेला, खरखरीत आवाज) निम्म्यावर आणा, नाहीतर नुसती किरकिर ऐकू येते. गिटारच्या इफेक्ट प्रोसेसरमधलं कॅबिनेट सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरसारखा आवाज देणारी सोय) चालू करून वायर मिक्सरच्या ऑक्स इनपुटमध्ये द्या, माइकच्या सॉकेटमध्ये नको. तिथे आवाज फाटतो.

गिटारचा ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या, आणि त्या बोर्डाला अर्थिंग आहे का हे वायरमनकडून आधी तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर तारांवर बोटं असताना ओठ माइकला लागले की झटका बसतो. अशा वेळी ॲम्प लावूच नका, अकूस्टिक गिटारसमोर माइक ठेवून वाजवा.