छोट्या पिकअपने ट्रेलर ओढताना घाट उतरायचा असेल तर

चढ सगळ्यांनाच दिसतो, गाडी घात करते ती उतारावर. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. वेग वाढल्यावर मग गिअर शोधत बसू नका. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरा. इंजिन जरा ओरडेल, ओरडू द्या, फक्त इंजिनचे फेरे (आरपीएम) दाखवणारा काटा लाल पट्ट्यात जाऊ देऊ नका. ब्रेकवर पाय ठेवून रेंगाळू नका. वेग वाढला की एकदा नीट दाबा, पुरेसा कमी झाला की पूर्ण सोडा. सतत घासले की पॅड तापतात, जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. वास आलाच तर बाजूला घ्या, ब्रेक निवू द्या. न्यूट्रल तर चुकूनही नको.

चढावर तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू. घाम फुटेल, पण रेडिएटरला हातभार लागतो.

निघण्यापूर्वी एक बघा: ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकवर यायला हवा. माल मागे लादला की ट्रेलर शेपटी हलवू लागतो.