परजीवी आदिजीवांच्या मायटोकॉन्ड्रियातले रेडॉक्स प्रयोग : या चुका टाळा

ट्रिपॅनोसोमा, लीशमानिया किंवा प्लाझमोडियम (मलेरियाचा परजीवी) यांच्यातल्या रेडॉक्स म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीच्या अभिक्रियांवर काम सुरू करताना सस्तन पेशींचा प्रोटोकॉल जसाच्या तसा उचलला जातो आणि अडचणींचं मूळ बहुधा तिथेच असतं. प्रयोग बिघडला असं वाटतं. खरं तर परजीवीची चयापचय व्यवस्थाच वेगळी असते.

नेहमीची तक्रार म्हणजे अँटिमायसिन (श्वसनसाखळीचं तिसरं संकुल अडवणारं रसायन) देऊनही सुपरऑक्साइड या क्रियाशील ऑक्सिजनरूपाचा सिग्नल वाढत नाही. रंगद्रव्याला दोष देण्याआधी नळीत कोणती अवस्था आहे ते पाहा. ट्रिपॅनोसोमा ब्रुसीच्या रक्तातल्या अवस्थेत श्वसनसाखळीचं तिसरं आणि चौथं संकुल काम करत नाही, मग अँटिमायसिन अडवणार कशाला? तिथे इलेक्ट्रॉन युबिक्विनोन या वाहक रेणूवरून थेट पर्यायी ऑक्सिडेजकडे जातात. हे विकर सायनाइडला दाद देत नाही, पण सॅलिसिलहायड्रॉक्झॅमिक आम्लाने बंद पडतं. पटलविभव (मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलाच्या दोन बाजूंमधला विद्युतदाबाचा फरक) टिकवण्यासाठी एटीपी सिंथेज उलट दिशेने चालतं, एटीपी खर्च करून प्रोटॉन बाहेर ढकलतं. म्हणून एटीपी सिंथेज अडवणारं ऑलिगोमायसिन दिल्यावर सस्तन पेशीत विभव सहसा थोडा वाढतो, तर इथे तो कोसळतो. दोन्ही निकाल बरोबरच आहेत. त्से-त्से माशीच्या आतड्यातल्या अवस्थेत मात्र ही दोन्ही संकुलं चालू असतात. त्यामुळे वहीत नुसतं परजीवीचं नाव लिहून भागत नाही, अवस्थाही लिहा.

प्लाझमोडियममध्ये रोटेनोन या विषाने अडणारं पहिलं संकुलच नाही, तिथे एकाच प्रथिनाचं पर्यायी डीहायड्रोजनेज आहे. अ‍ॅटोव्हाक्वोनने (तिसरं संकुल अडवणाऱ्या मलेरियाच्या औषधाने) परजीवी मेला की ‘ऊर्जा संपली’ किंवा ‘ऑक्सिडेटिव्ह ताणाने मेला’ असं लिहून मोकळं होण्याचा मोह आवरा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फाल्सिपेरममध्ये यीस्टचं डायहायड्रोओरोटेट डीहायड्रोजनेज घातलं. पिरिमिडीन (डीएनए-आरएनएचे घटक) बनवण्यातलं हे विकर परजीवीचं असेल तर युबिक्विनोनवर चालतं, यीस्टचं मात्र त्यावर अवलंबून नसतं. हे परजीवी अ‍ॅटोव्हाक्वोनमध्येही वाढत राहिले. म्हणजे रक्तातल्या अवस्थेत या साखळीचं मुख्य काम पिरिमिडीन तयार करण्यासाठी युबिक्विनोन पुन्हा ऑक्सिडाइझ करणं हे आहे. मला हा प्रयोग या क्षेत्रातला सर्वांत सुंदर वाटतो.

ग्लुटाथायोन (सस्तन पेशींना ऑक्सिडीकरणापासून वाचवणारं थायोल, म्हणजे गंधकयुक्त संयुग) मोजणारं किट वापरून ट्रिपॅनोसोमा किंवा लीशमानियाची रेडॉक्स स्थिती ठरवू नका. यांच्यात ग्लुटाथायोन रिडक्टेज नाही आणि भिस्त ट्रिपॅनोथायोन या त्यांच्या खास थायोलवर असते. फेअरलॅम्ब आणि सेरामी यांच्या गटाने १९८५ मध्ये त्याची रचना उलगडली. ट्रिपॅनोसोमा ब्रुसी, क्रुझी आणि लीशमानियात कॅटालेज हे हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारं विकरही नाही, तेव्हा नमुन्यात कॅटालेज सापडलं तर आधी यजमान पेशींची भेसळ तपासा. प्लाझमोडियमच्या अर्कात तर लाल पेशींचं कॅटालेज हमखास येतं.

मायटोसॉक्स या मायटोकॉन्ड्रियात शिरणाऱ्या रंगद्रव्याचा लाल प्रकाश म्हणजे सुपरऑक्साइड, हे समीकरण सोडून द्या. इतर ऑक्सिडीकरणातूनही त्याचं लाल चमकणारं उत्पादन बनतं आणि या उत्पादनाचा व सुपरऑक्साइडमुळे बनणाऱ्या उत्पादनाचा वर्णपट एकमेकांत मिसळतात. शिवाय ते मायटोकॉन्ड्रियात शिरतं पटलविभवाच्या जोरावर. औषधाने विभव घसरला तर रंग कमी शिरतो आणि ऑक्सिडंट कमी झाल्याचा भास होतो. विभव स्वतंत्रपणे मोजा, जमेल तेव्हा उत्पादनं एचपीएलसीने (उच्च क्षमतेच्या द्रव क्रोमॅटोग्राफीने) वेगळी करा. डीसीएफ या ऑक्सिडंट मोजायला वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या रंगद्रव्याचं तर विचारूच नका. हायड्रोजन पेरॉक्साइडशी ते थेट अभिक्रिया जवळजवळ करतच नाही, लोह आणि सायटोक्रोम सी मात्र त्याला सहज चमकवतात.

माध्यमाकडे कुणी बघत नाही. रक्तातल्या ट्रिपॅनोसोमासाठीच्या एचएमआय-९ या वाढमाध्यमात बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल (एक थायोल) आणि पायरुव्हेट असतं. पायरुव्हेट तुम्ही घातलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड खाऊन टाकतं, थायोल तुमच्या इलेक्ट्रॉनलोभी संयुगाला गाठतात, आणि परजीवी ‘प्रतिरोधक’ ठरतो. मारक मात्रा मोजताना रेझाझुरिन वापरत असाल तर ते स्वतःच रेडॉक्स रंगद्रव्य आहे, जिवंत पेशी त्याला निळ्याचं गुलाबी करतात, हे लक्षात ठेवा. प्रत्येक प्लेटवर पेशीविरहित माध्यम, संयुग आणि रेझाझुरिन एवढंच असलेली विहीर (प्लेटवरचा खळगा, वेल) ठेवा. ती गुलाबी झाली, तर संयुगच रंग पालटतंय आणि त्या प्लेटवरून जिवंत परजीवींची टक्केवारी काढता येणार नाही.