जुनं चर्च बघायचं तर आधी भिंतीपाशी थांबा

आम्ही वाईचे गवंडी. वडील चुन्यातलं काम करायचे, पुढे मीही तेच केलं. पाचगणी-महाबळेश्वरला इंग्रजांच्या काळातलं चर्च बघायला निघालात, तर थेट आत शिरू नका. बाहेरून एक फेरी मारा.

वेदी बहुतेक पूर्वेच्या अंगाला असते आणि मोठी खिडकी तिच्यामागे. म्हणून सकाळी जा, रंगीत काचेतून ऊन आत येतं तेव्हा. रविवारी उपासना चालू असेल तर फोटो काढत फिरू नका. एरवीही तिथल्या माणसाला विचारूनच आत जा.

आता भिंत. या डोंगरमाथ्यावर तांबडा जांभा दगड मिळतो. जमिनीतून काढताना त्याचा चिरा, म्हणजे बांधकामाचा ठोकळा, इतका मऊ असतो की कुऱ्हाडीने तासता येतो; वारा लागला की कडक होतो. पण तो भोकाभोकांचा, पाणी पितो. म्हणून दोन चिऱ्यांमधला सांधा नीट बघा, नखाने खरवडू नका. पांढुरका, आत वाळूचे आणि न विरघळलेल्या चुन्याचे कण दिसले तर जुना चुना. करडा आणि गुळगुळीत असेल तर नंतरचं सिमेंट. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते, सिमेंटमागे ती कोंडते. एका जुन्या बंगल्याला मालकाच्या सांगण्यावरून मी सिमेंटचा गिलावा केला होता. तिसऱ्या पावसाळ्यानंतर पोपडा ओढला तर चिऱ्याची तांबडी माती ओंजळीत आली. ते आजही मनाला लागतं.

मग कमानी बघा. टोकदार कमान गोल कमानीपेक्षा भार जास्त सरळ खाली उतरवते. तरी बाजूला रेटा उरतोच, तो पेलायला भिंतीला बाहेरून धिरे दिलेले असतात. धिरा आणि भिंत यांच्यात चीर दिसते का, तेही पाहा.

इतिहास थोडा डोक्यात ठेवा. महाबळेश्वरची जागा इंग्रजांनी १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून आमच्या वाईकडच्या खंडाळा गावाच्या बदल्यात घेतली. तिथलं ख्राइस्ट चर्च १८४२चं.

घंटा जवळून बघायला मिळाली तर तिच्यावरची अक्षरं वाचा. आमच्या वाईजवळच्या मेणवलीच्या देवळातली घंटा वसईच्या पोर्तुगीज चर्चमधली, तिच्यावर मरियम आणि बाळ येशू आहेत. लहानपणापासून आम्ही ती बघत आलो.

निघताना पन्हळीखाली नजर टाका. सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं तर ओढू नका, चिरा हलतो. तिथल्या माणसाला दाखवा.