व्हॅलेन्सियाला एक सेमिस्टर: आधी विषय, मग कागद, बॅग सगळ्यात शेवटी

स्पेनमधल्या विद्यापीठात एक्स्चेंजवर एक सेमिस्टर मिळालंय असं कळलं की घरात पहिली चर्चा बॅगेची सुरू होते, किती किलो चालतं, स्वेटर किती, चकली न्यायची का. बॅग हे शेवटच्या आठवड्याचं काम आहे हो. जे तिथे पोचल्यावर करता येत नाही ते आधी संपवायचं आणि जे तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं त्याचा विचार सोडून द्यायचा, एवढा एक क्रम डोक्यात ठेवला तर निम्मी धावपळ वाचते. मी इथे व्हॅलेन्सिया धरून लिहितेय, दुसऱ्या शहरात जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

तर सगळ्यात आधी विषय. लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर (तिकडे कुठले विषय घ्यायचे याचा लेखी करार) सह्या व्हायच्या आधी प्रत्येक विषयाची गिया दोसेन्ते, म्हणजे माहितीपत्रक, विद्यापीठाच्या वेबसाइटवरून उघडून शांतपणे वाचा, ती विषयाची कुंडलीच असते. क्रेडिट किती, कुठल्या सेमिस्टरला शिकवतात, लॅबला हजेरी सक्तीची आहे का, शेवटच्या परीक्षेला किती टक्के आणि ग्रुप प्रोजेक्टला किती, सगळं त्यात असतं. आणि व्हॅलेन्सियात एक गोष्ट नुसती वाचायची नाही तर खात्री करून घ्यायची, ती म्हणजे शिकवण्याची भाषा. तिथे स्पॅनिशबरोबर व्हॅलेन्सियन ही पण अधिकृत भाषा आहे, त्यामुळे एकाच विषयाची एक तुकडी स्पॅनिशमध्ये, दुसरी व्हॅलेन्सियनमध्ये आणि काही ठिकाणी तिसरी इंग्रजीत चालते. नुसतं विषयाचं नाव बघून टिक केली आणि तुकडी व्हॅलेन्सियनची निघाली तर बी१ या मधल्या पातळीपर्यंत शिकलेलं स्पॅनिश घेऊनसुद्धा वर्गात गोंधळायला होतं. म्हणून तुकडीचा नंबर आणि भाषा कोऑर्डिनेटरला मेल करून लेखी विचारा आणि दोन जास्तीचे विषय राखीव ठेवा, कारण पहिल्या आठवड्यात टाइमटेबल एकमेकांवर आदळतंच.

पूर्ण सेमिस्टरचे ३० ईसीटीएस, म्हणजे युरोपातले क्रेडिट, धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम, त्यात लेक्चर, लॅब, घरचा अभ्यास सगळं आलं. फिरायचंही असेल तर आपल्या कॉलेजला कमीत कमी किती क्रेडिट चालतात ते आधीच विचारा. मार्कांचं पण इथेच बोलून घ्या. तिकडे दहापैकी ५ ला पास, ७ पासून नोताब्ले, ९ पासून सोब्रेसालिएन्ते, म्हणजे ७ हे तिकडे चांगले मार्क झाले, पण आपल्या सीजीपीएमध्ये ते सरळ ७ म्हणून बसले तर वर्षभराची मेहनत खाली येते. रूपांतराचा तक्ता परीक्षा विभागाकडून जायच्या आधी सहीशिक्क्यासकट घ्या, परत आल्यावर मागायला गेलं की ज्याने तोंडी हो म्हटलेलं असतं तो माणूस त्या टेबलावर नसतो. आणि एखाद्या विषयात राहिलं तर फेरपरीक्षा कधी असते हेही विचारा, काही ठिकाणी ती थेट जून-जुलैला असते आणि तोपर्यंत तुम्ही परत घरी आलेले असता.

आता व्हिसा. महाराष्ट्र-गोव्याचे अर्ज मुंबईतल्या स्पॅनिश कॉन्सुलेटकडे जातात. इथे १८० हा आकडा पाठ करून ठेवा. पहिलं सेमिस्टर साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीला चालू होऊन जानेवारीअखेर परीक्षा संपतात, म्हणजे ते १८० दिवसांत आरामात बसतं आणि व्हिसावरच काम भागतं. पण ऑगस्टमध्ये लवकर जाऊन भाषेचा कोर्स करू आणि फेब्रुवारीअखेर परत येऊ असं ठरवलं की १८० ओलांडले, मग पोलिस क्लिअरन्स, मेडिकल सर्टिफिकेट, त्यांचं अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का), अधिकृत भाषांतर आणि तिथे पोचल्यावर महिन्याभरात रेसिडेन्स कार्डासाठी अर्ज, एवढं सगळं मागे लागतं. तेव्हा तारखा आधी ठरवा, तिकीट नंतर. खर्चाची सोय दाखवताना ते आयप्रेम नावाचा सरकारी आकडा धरतात, २०२३ पासून तो महिन्याला ६०० युरो आहे, पण खोलीचं भाडं बघता प्रत्यक्षात एवढ्यात महिना काढायला फार ओढाताण होते, म्हणून घरी बसून खरा हिशोब वेगळा मांडा. इन्शुरन्स स्पेनमध्ये काम करायची परवानगी असलेल्या कंपनीचा लागतो आणि आपण काही हिस्सा भरायचा अशी अट नसलेला, स्वस्तातली ट्रॅव्हल पॉलिसी घेऊन गेलात तर फाइल अडकू शकते. अर्जाच्या दिवशीची चालू यादी कॉन्सुलेटच्या साइटवरूनच काढा, सिनियरने दिलेली दोन वर्षांपूर्वीची पीडीएफ नको.

फॉर्म भरताना नावाचं एक सांभाळा. स्पेनमध्ये लोकांना दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं एक आईकडचं, त्यामुळे प्रत्येक फॉर्मवर पहिलं आडनाव आणि दुसरं आडनाव असे दोन रकाने असतात. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढेच वडिलांचं नाव असतं आणि आडनावाच्या ओळीत एकच आडनाव. मग वडिलांचं नाव पहिल्या आडनावात टाकायचा मोह होतो, तो टाळा. पासपोर्टवर जे जिथे आहे ते तसंच उतरवा आणि दुसऱ्या आडनावाचा रकाना रिकामा सोडा. एकदा विद्यापीठाच्या सिस्टीममध्ये नाव चुकीचं गेलं की आयडी कार्ड, गुणपत्रक सगळीकडे तेच फिरतं.

भाषेसाठी अ‍ॅपवर भरवसा ठेवून बसू नका. बरीच अ‍ॅप्स लॅटिन अमेरिकेतली स्पॅनिश शिकवतात, स्पेनमध्ये 'तुम्ही लोक' साठी रोज वोसोत्रोस वापरतात आणि त्याची क्रियापदं वेगळी, तेवढी घोटून घ्या. रोज अर्धा तास स्पॅनिश रेडिओ ऐका, कळो न कळो. मास्तर बोलतात त्या वेगाची कानाला सवय होणं हेच खरं काम आहे, व्याकरण मागून येतं. आणि तिथे प्राध्यापकांचे भेटायचे तास ठरलेले असतात, तुतोरिया म्हणतात त्याला, लाजू नका, दुसऱ्याच आठवड्यात जाऊन तोंड दाखवून या, एक्स्चेंजच्या मुलांना ते मनापासून मदत करतात.

खोली. बेनिमाक्लेत हा विद्यार्थ्यांचा जुना आवडता भाग, तारोन्खेर्स आणि पॉलिटेक्निक दोन्ही कॅम्पस जवळ, आणि एअरपोर्टवरून मेट्रोची ३ नंबरची लाइन थेट तिथे जाते. पण इथून फोटो बघून आगाऊ पैसे पाठवू नका, कितीही गोड बोलत असले तरी. पहिले काही दिवस होस्टेल बुक करा आणि खोली डोळ्यांनी बघून मगच डिपॉझिट द्या, पावती घेऊन. बघताना तीन प्रश्न विचारायचे: वीज-पाणी भाड्यात धरलंय का, हिटर आहे का, आणि करार कमी महिन्यांचा चालेल का. हिटरचं हसण्यावारी नेऊ नका, समुद्राकाठचं शहर म्हणून थंडी नसेल असं वाटतं पण खाली फरशी आणि बऱ्याच घरांत सेंट्रल हीटिंग नाही, जानेवारीत बाहेरच्यापेक्षा घरातच जास्त गारठा वाटतो. जाड मोजे आणि घरात घालायची चप्पल घ्याच.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. २९ ऑक्टोबर २०२४ ला व्हॅलेन्सिया प्रांतात पुराने दोनशेहून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक शहराच्या दक्षिणेकडच्या गावांत, पाइपोर्ता, कतारोखा, सेदावी या पट्ट्यात. कितीतरी ठिकाणी पाऊस डोक्यावर पडतही नव्हता, वरच्या डोंगरातून पोयोच्या ओढ्याला पाणी आलं आणि लोक गाड्या काढायला तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरले. तिथे भाडं कमी वाटतं म्हणून खोली बघत असाल तर तळमजला नको. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा तिकडचा असा धोक्याचा काळ, नेमकं तुमचं पहिलं सेमिस्टर. आएमेत (AEMET) या हवामान खात्याचं अ‍ॅप फोनमध्ये घाला, फोनच्या सेटिंगमध्ये इमर्जन्सी अलर्ट चालू आहेत का बघा, ११२ नंबर घरच्यांना पण सांगून ठेवा. लाल इशारा आला की त्या दिवशी कॉलेजला जायचं नाही आणि खाली जायचं नाही, बस.

स्वयंपाकाचं सोपं आहे. मेर्कादोनासारख्या सुपरमार्केटात शिजवलेले छोले आणि मसूर काचेच्या बरणीत मिळतात, रुसाफा भागातल्या आशियाई दुकानांत डाळ, पीठ, हिरव्या मिरच्या मिळतात. इथून न्यायचं ते गोडा मसाला, हिंग, मेतकूट आणि एक छोटा कुकर. पण कुकर घेताना तो उलटा करून बुडाला लोहचुंबक लावून बघा, चिकटला तरच इंडक्शनवर चालेल, साधा अ‍ॅल्युमिनियमचा तिथे जाऊन नुसता शोभेचा होतो. जास्तीची शिट्टी आणि रिंग पण टाका, ती तिथे कुणाकडे मिळायची नाही. तूप, पेढे, खवा, चक्का मात्र घरीच ठेवा, युरोपियन युनियनबाहेरून सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आईला आधीच सांगा म्हणजे विमानतळावर डबा टाकून द्यायची वेळ येणार नाही. शाकाहारी असाल तर हॉटेलात नुसतं शाकाहारी म्हणून भागत नाही, सॅलडवर टूना येतो आणि भाजीत हॅमचे तुकडे, म्हणून मांस नको, मासे नको, 'आतून' म्हणजे टूना नको, 'हामोन' म्हणजे हॅम नको असं एकेक नाव घेऊन सांगायचं. व्हॅलेन्सियाच्या पाएया या भातात कोंबडी आणि ससा असतो हेही लक्षात असू द्या. जेवायच्या वेळा दुपारी दोन-अडीच आणि रात्री नऊनंतर, कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून बॅगेत दाणे-चिक्की असू द्या.

बाकी बॅग पटकन. व्होल्टेज आपल्यासारखंच आहे, फक्त गोल दोन पिनांचं प्लग अ‍ॅडॉप्टर, आणि इथलंच एक एक्स्टेन्शन बोर्ड म्हणजे एका अ‍ॅडॉप्टरवर सगळं चालतं. दात आणि चष्मा इथेच उरकून घ्या. नेहमीच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासकट, तिथे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय देत नाहीत. इथलं सिम बंद करू नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो, रोमिंग सुरू आहे का ते निघायच्या आधी तपासा. कार्डं दोन वेगळ्या बँकांची आणि दोन वेगळ्या खिशांत.

दुसऱ्या सेमिस्टरला जाणाऱ्यांसाठी, १५ ते १९ मार्च फायास हा शहराचा मोठा उत्सव असतो, १ मार्चपासूनच रोज दुपारी दोनला महापालिकेच्या चौकात फटाक्यांची मास्क्लेता. त्या आठवड्यात होस्टेलचे दर चढतात आणि रात्रभर आवाज असतो, त्यामुळे पाहुणे बोलवायचे तर बुकिंग खूप आधी करा. १९ तारखेच्या रात्रीची क्रेमा, म्हणजे उत्सवातले पुतळे जाळण्याचा कार्यक्रम, मात्र चुकवू नका.

शेवटचं, परतीचे कागद जातानाच लिहून ठेवा. निघायच्या महिनाभर आधी घरमालकाला लेखी नोटीस, खोलीचे आल्या दिवशीचे फोटो दाखवून डिपॉझिट, आणि इंटरनॅशनल ऑफिसकडून कधी आला-कधी गेलाचं सही केलेलं प्रमाणपत्र. मार्क बऱ्याचदा तुम्ही निघाल्यावर लागतात, तेव्हा गुणपत्रक नेमकं कोणाच्या मेलवर जाणार, तुमच्या की आपल्या कॉलेजच्या, हे तिथल्या ऑफिसात समोर बसून विचारा आणि त्या मॅडमचं नाव-मेल टिपून घ्या.