कॅलिफोर्नियात पाण्याकाठी घरं हवीत? आधी बदल्यात द्यायची जमीन शोधा

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या आजूबाजूला, हाउसिंगच्या कुठल्याही मीटिंगला गेलात की कोणीतरी हमखास विचारतं, बंदराच्या मागे एवढा मोठा पार्किंग लॉट नुसता पडलाय, तिथे बिल्डिंगा का नाही उभ्या करत? उत्तर बहुतेक वेळा एकच, जमीन पब्लिक ट्रस्टची आहे. ट्रस्ट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर देवस्थान नाहीतर शिक्षणसंस्था येते, हा तसला ट्रस्ट नाही, याला ऑफिस नाही की विश्वस्तांची पाटी नाही, हा जमिनीलाच चिकटलेला हक्क आहे. 9 सप्टेंबर 1850 ला कॅलिफोर्निया राज्य झालं तेव्हा भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली आणि पाण्याखालची जमीन राज्याकडे आली, ती लोकांच्या वतीने सांभाळायला. जहाजं, व्यापार, मासेमारी हे मूळ उपयोग, आणि 1971 च्या मार्क्स विरुद्ध व्हिटनी केसमध्ये कोर्टाने निसर्ग जसाच्या तसा ठेवणं हाही उपयोगच धरला. हॉटेल चालतं, रेस्टॉरंट चालतं, कारण तिथे कोणीही येऊ शकतं. फ्लॅट चालत नाही, कारण त्याच्या दाराला कुलूप असतं.

आता मुद्द्याचं. हा ट्रस्ट सहसा नुसता उचलून फेकता येत नाही, तो एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवता येतो. म्हणून घरांचे ड्रॉइंग काढायच्या आधी ट्रस्टला काय देणार ते ठरवा, बरेच जण उलट करतात आणि दोन वर्षांनी आर्किटेक्टचं बिल घेऊन बसतात.

सगळ्यात छान उदाहरण सॅन फ्रान्सिस्को खाडीतल्या ट्रेझर आयलंडचं. ते बेटच मुळी भराव टाकून केलेलं, 1939 च्या जागतिक प्रदर्शनासाठी, म्हणजे सगळंच ट्रस्टखाली आणि घर एकही नाही बांधता येत. शेजारचं येर्बा बुएना बेट मात्र नैसर्गिक टेकाड, त्यातली बरीचशी जमीन कधी भरतीखाली नव्हतीच. तर 2004 च्या कायद्याने ट्रेझर आयलंडच्या आतल्या भागावरचा ट्रस्ट काढून येर्बा बुएनाच्या काही जमिनीवर घालायची वाट करून दिली, आणि त्यामुळेच तिथे 8,000 पर्यंत घरांचा प्लॅन शक्य झाला. काठाचा पट्टा ट्रस्टमध्येच राहिला, तो लोकांसाठी.

तुमच्या जागेचं करायला घेताना पहिलं काम म्हणजे नकाशे. आजचा किनारा बघून काही कळत नाही, भराव पडायच्या आधी भरतीची रेषा शेवटची कुठे होती ते लागतं, त्यासाठी 1850 च्या दशकातले कोस्ट सर्व्हेचे जुने नकाशे काढावे लागतात. शिवाय ती जमीन राज्याने शहराला किंवा बंदराला कायदा करून दिलेली आहे का, कुठल्या अटींवर, मधे कोणाला विकली का, हे सगळं टायटल रिपोर्टमध्ये, म्हणजे मालकीच्या इतिहासाच्या अहवालात, उकरायचं. सॅन फ्रान्सिस्कोत तर 1868 च्या कायद्याखाली पाण्यातले प्लॉट विकले आणि मधले रस्ते राज्याकडेच ठेवले, तेही असे रस्ते जे नंतर कधी झालेच नाहीत, त्यामुळे कागदावर ट्रस्टच्या पट्ट्या जाळीसारख्या पसरलेल्या दिसतात आणि सलग बिल्डिंगला कुठेच जागा उरत नाही. अशा वेळी अदलाबदल दोघांच्याही फायद्याची, ट्रस्टने विखुरलेल्या पट्ट्या देऊन पाण्यालगतचा एकसलग तुकडा घ्यायचा.

मग स्टेट लँड्स कमिशन, म्हणजे राज्याच्या वतीने या जमिनी सांभाळणारं मंडळ. तिथे तीनच जण, लेफ्टनंट गव्हर्नर, कंट्रोलर आणि फायनान्स डायरेक्टर. पब्लिक रिसोर्सेस कोडचं कलम 6307 त्यांना अदलाबदलीचा अधिकार देतं, पण अटी कडक आहेत. सोडायची जमीन भराव पडून पाण्यापासून तुटलेली हवी आणि ट्रस्टच्या कामाला जवळपास निरुपयोगी. मिळणारी जमीन किमतीला तेवढीच किंवा जास्त, आणि ट्रस्टला खरोखर उपयोगाची. जहाजांच्या ये-जा करण्यात आणि मासेमारीत मोठा अडथळा नको. आणि राज्याचं हित व्हायला हवं. किंमत अप्रेझल करून ठरते, इथे अंदाजपंचे चालत नाही. मिळणाऱ्या जमिनीत जुन्या कारखान्याचं किंवा नेव्हीचं विष मुरलेलं असेल तर राज्य ती सहजासहजी गळ्यात घेणार नाही, त्यामुळे माती आधी तपासून घ्या. स्टाफला लवकर भेटा, त्यांच्या वेळेचा खर्च सहसा अर्जदारालाच भरावा लागतो, तेव्हा बजेटमध्ये तोही धरा.

कधीकधी 6307 पुरत नाही आणि विधिमंडळातून खास बिल लागतं. ओकलंडचं ब्रुकलिन बेसिन असंच झालं, 2004 चं एसबी (सेनेट बिल) 1622, साधारण 64 एकर, मूळ प्लॅनमध्ये 3,100 घरं आणि काठाला बागा. बिल म्हणजे स्थानिक सेनेटर किंवा असेंब्ली मेंबर पकडा, शहर आणि बंदर दोघांना एका बाजूला आणा. हे शेवटचंच सगळ्यात अवघड, बंदराचं पोट भाड्यावर चालतं आणि शहराला घरांचा आकडा दाखवायचा असतो. दुसरा मार्ग म्हणजे ट्रस्टची बंधनं ठराविक काळापुरती उठवून घेणं, सॅन फ्रान्सिस्कोच्या काही सीवॉल लॉटसाठी (किनारभिंतीमागचे बंदराचे प्लॉट) 2007 च्या एसबी 815 ने तेच केलं. त्याच शहरात 2014 पासून बंदराच्या जागेवर उंचीची मर्यादा वाढवायची तर लोकांचं मतदानही लागतं, हे विसरू नका.

कमिशनची मीटिंग सगळ्यांना खुली असते, अजेंडा किमान 10 दिवस आधी लागतो, जाऊन बोला, विरोध असेल तरी बोला. मंजुरीनंतर दोन्हीकडची पेटंट्स (जमीन दिल्याचे सरकारी दस्त) आणि करार काउंटी रेकॉर्डरकडे नोंदवले जातात. घरं घेणाऱ्यांसाठी टायटल इन्शुरन्स लागतो म्हणून कधी कोर्टाकडूनही शिक्का घेतात. पाण्यापासून 100 फुटांच्या पट्ट्यात बांधकाम असेल तर 1965 पासून असलेल्या बीसीडीसीचं, म्हणजे खाडीकाठच्या बांधकामावर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या मंडळाचं, परमिट वेगळं.

आता काठाने लोकांसाठी ठेवायच्या पायवाटेबद्दल, कारण फसवणूक इथेच होते. नकाशावर किनाऱ्याने हिरवी रेघ असते, प्रत्यक्षात घरांचा पहिला टप्पा पूर्ण होतो आणि वाट शेवटच्या टप्प्यात ढकललेली असते. मोठ्या जागांवर अदलाबदलही टप्प्याटप्प्याने होते, जशी विषारी मातीची सफाई पूर्ण होईल तशी. म्हणून करारात लिहून घ्या की त्या टप्प्याची घरं राहायला उघडायच्या आधी तेवढ्या लांबीची वाट उघडली पाहिजे, तिची रुंदी किती, रात्री गेट लावायचं की नाही, दुरुस्ती कोणाच्या खिशातून, खाडीभोवतालच्या बे ट्रेल या मोठ्या वाटेला नेमकी कुठे जोडणार. समुद्राची पातळी वाढली तर वाट मागे कुठे सरकवणार तेही आत्ताच विचारा, कारण एकदा घरांच्या भिंती उभ्या राहिल्या की मागे सरकायला जागा नसते.