बंद पडलेला जुना लोडर पुन्हा कामाला लावताना या चुका टाळा

सोलापूरच्या तुळजापूर रोडला एका बंद क्रशरच्या मागं आमचा लोडर, म्हणजे पुढच्या बकेटनं माल उचलणारी गाडी, पाच पावसाळे उभा होता. टायरांच्या मधून बाभळी उगवल्या होत्या. तो आम्ही घेतला, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडमध्ये आणला. इंजिन चालू झालं, पण गियर टाकला तर गडी जागचा हलेना. जो येईल तो म्हणे, गियर बॉक्स गेला. आम्हीही तेच धरून बसलो. क्रेन बोलावून बॉक्स उतरवला, खोलाखोलीत आठ दिवस गेले, आणि आतल्या क्लच प्लेटा बघितल्या तर चांगल्या निघाल्या.

बिघाड होता गियर बॉक्सचं तेल ओढणाऱ्या जाळीत. जाळीवर पांढरट धाग्यांचा थर घोंगडीसारखा दाबून बसला होता आणि त्यात लाल गॅस्केट पेस्टचे तुकडे अडकले होते. आधी कुणीतरी तेलाचं चेंबर पुसायला टॉवेल कारखान्यातली चिंधी वापरली होती. आपल्याकडे गॅरेजमध्ये हे वेस्टेज पोत्यानं येतं आणि हात पुसायला उत्तम आहे. पण त्याचं सूत सुटतं. तेलाच्या चेंबरमध्ये, व्हॉल्व्हजवळ ते कधीही नेऊ नका. तिथं जुनं धुतलेलं सुती धोतर किंवा साडी वापरा, ज्याचे धागे निघत नाहीत. पेस्टही बोटभर थापू नका, जास्तीची आत पडते आणि सरळ जाळीवर जाते.

आमचे मिस्त्रीमामा तेव्हा गावी गेले होते. परत आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मालक, तेलाच्या दाबाचं गेज लावून बघितलं होतं का?" नव्हतं बघितलं. तेव्हापासून आमच्या शेडमध्ये गेज लावल्याशिवाय गियर बॉक्सच्या बोल्टला कुणी पाना लावत नाही.

टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गियर बॉक्सला जाते अशा, लोडरमध्ये गियर तेलाच्या दाबावर बसतात. जुन्या क्लार्क कंपनीच्या पद्धतीच्या बॉक्सला हा दाब साधारण २४० ते २८० पीएसआय लागतो. तुमच्या मशीनचा नेमका आकडा मॅन्युअलात असतो, तोच प्रमाण माना. पुढं-मागं दोन्हीकडं चालत नसेल आणि दाबही कमी असेल, तर आधी तेलाची पातळी, जाळी, फिल्टर आणि पंप बघा. दाब पुरेसा आहे तरी हलत नाही, तर ब्रेक दाबल्यावर गियर सोडवणारा व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो. वर्षानुवर्षं उभ्या मशीनमध्ये तो हमखास गंजतो. फक्त पुढं जातो, मागं जात नाही, असं असेल तरच त्या बाजूच्या क्लचवर संशय घ्या. थंड असताना ओढतो आणि तापल्यावर ढिला पडतो, म्हणजे पंप झिजलाय किंवा आतली सीलं गळतायत. एवढं समजायला बॉक्स उतरवावा लागत नाही. आणि तेलाची पातळी बहुतेक मशीनमध्ये इंजिन चालू ठेवून, तेल गरम झाल्यावर बघायची असते. बंद इंजिनवर पट्टी बघून लोक तेल कमी किंवा जास्त भरतात, मग फेस येतो आणि दोष भलतीकडं जातो. डब्यात उरलेलं घट्ट गियर ऑइल त्यात ओतणं ही तर वेगळीच घोडचूक. पाटीवर जे लिहिलंय तेच तेल घाला.

बॅटरी आणली की लगेच सेल्फ मारणं

नवीन बॅटऱ्या आल्या की कुणालाच धीर धरवत नाही. पण पाच वर्षं उभ्या इंजिनच्या लायनरवर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्यावर, तेल उरलेलं नसतं, पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटलेल्या असतात. सेल्फच्या जोरानं त्या तुटतात. आम्ही डिझेल फवारणारे नोझल काढतो, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण थोडं थोडं सोडतो आणि दोन दिवस इंजिनला हात लावत नाही. मग फ्लायव्हीलला बार लावून हातानं फिरवायचं. थोडं हललं की थांबायचं, उलट फिरवायचं, पुन्हा सुलट. चिकटलेल्या रिंगा सुटताना बारमधून हाताला बारीक करकर जाणवते. दोन पूर्ण फेरे सहज फिरल्यावर मगच सेल्फचा विचार करा, आणि तोही नोझल बाहेर असतानाच. आत साचलेलं तेल आधी बाहेर उडून जायला हवं. तोंड त्या भोकांवर नेऊ नका.

इंजेक्शन पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, अडकलाय का, हे त्याच वेळी तपासा. अडकलेल्या रॅकवर इंजिन चालू झालं तर ते एकदम सुसाट सुटतं, चावीनं बंद होत नाही. पहिल्यांदा चालू करताना एअर फिल्टरच्या तोंडाशी एक माणूस जाड लाकडी फळी घेऊन उभा ठेवा. हवा बंद केली की इंजिन गुदमरून थांबतं. हातानं किंवा फडक्यानं तोंड दाबायला जाऊ नका, दोन्ही आत ओढले जातात.

डिझेल टाकी उतरवून धुवा. तळाशी पाणी आणि काळा चिकट गाळ असतोच. तो तसाच ठेवून नवीन नोझल बसवले तर पैसे पाण्यात गेले.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

सोलापूरचा मे महिना म्हणजे ४२-४३ अंश. मशीन तापलं की पहिला सल्ला ठरलेला, "थर्मोस्टॅट काढून टाक." थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला न जाता बायपासमधून आतल्या आत फिरतो, आणि इंजिन आणखी तापतं. खरं कारण बहुधा रेडिएटरमध्ये असतं. आपलं बोअरचं पाणी जड, त्याचे क्षार नळ्यांत जमतात. बाहेरून बगॅसचा (उसाच्या चिपाडांचा) भुसा जाळीत गच्च बसतो, आणि तो पुढून फुंकला तर आणखी आत जातो. ज्या बाजूनं हवा बाहेर पडते तिथून उलट फुंकायचा. आत शुद्ध पाण्यात मिसळलेलं कूलंट घाला. लायनरला बाहेरून बारीक खड्डे पडून पाणी तेलाच्या चेंबरमध्ये उतरतं, ते बहुधा साध्या पाण्यावर चालवल्यामुळं.

ओढून नेणं

हे मी दुसऱ्याच्या मशीनवर बघितलंय. मोहोळकडून बंद लोडर ट्रॅक्टरनं ओढत आणला होता. इंजिन बंद असलं की गियर बॉक्सचा तेलपंप फिरत नाही. चाकं मात्र आतले गियर आणि बेअरिंग फिरवत राहतात, आणि ती कोरडी जळतात. स्टिअरिंगही इंजिनच्याच पंपावर चालतं, म्हणजे मशीन वळणार नाही आणि ब्रेकचा भरवसा नाही. लो-बेड ट्रेलर बोलवा. आवारातल्या आवारात हलवायचा असेल तर गियर बॉक्सकडून चाकांकडं जाणारे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडून, सावकाश.

हायड्रॉलिकमध्ये स्क्रू पिळणं

बकेट हळू उचलते म्हणून तेलाचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू पिळणारे खूप. दाब न मोजता पिळला तर जुना होज फुटतो किंवा पंपाची बॉडी तडकते. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी आहे, फेसाळ असेल तर पंपाच्या ओढत्या बाजूनं हवा येतेय. दोन्ही गोष्टी डोळ्यांनी दिसतात. हायड्रॉलिक सिलिंडरच्या रॉडवर गंजाचे खड्डे असताना नुसतं सील किट बदलू नका, नवीन सील आठ दिवसांत कापलं जाईल. रॉड आधी हार्ड क्रोम करून घ्या, मग सील.

इथं एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. होजमधून बारीक फवारा येतोय का, हे बोट फिरवून बघू नका. १५० बारच्या दाबानं आलेलं तेल कातडी फोडून आत घुसतं. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही, आणि दुसऱ्या दिवशी हात जायची वेळ येते. पुठ्ठा धरून बघा. तेल घुसलंच तर त्याच मिनिटाला सर्जनकडं न्या, हळद लावून घरी बसवू नका.

बूम वर असताना खाली जायचं असेल तर त्याला लोखंडी आधार लावल्याशिवाय कुणालाही जाऊ देऊ नका. लोडर जिथून वळतो त्या मधल्या सांध्याचा लॉक बसवल्याशिवाय दोन्ही भागांच्या मध्ये माणूस उभा करू नका. रिंग असलेल्या रिमच्या टायरची हवा पूर्ण काढून, हवेच्या व्हॉल्व्हची पिन बाहेर काढून मगच बोल्टला हात लावा, आणि हवा भरताना पिंजरा वापरा. ती रिंग उडून माणसं गेली आहेत.

मधल्या सांध्याच्या सेंटर पिनमध्ये खेळ आला की बुशला चार ठिकाणी वेल्डिंगचे टिपके मारून देणारे भेटतात. महिनाभर बरं वाटतं. भोक वाकडं झालेलं असतं, त्याला लाइन बोअरिंगच, म्हणजे भोकं मशीननं एका रेषेत कापून घेणंच, लागतं. वेल्डिंग करताना बॅटरीच्या वायरी सोडा आणि अर्थिंग कामाच्या जागेजवळच लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन त्यांना डाग पडतात.

ब्रेक इंजिनच्या आधी नीट करा. ब्रेक ऑइलच्या जागी हायड्रॉलिक तेल ओतलेलं असेल तर रबरी वॉशर सगळे फुगलेले निघतील. पाइप धुऊन सगळे बदलावे लागतात, अर्धे बदलून भागत नाही.

रंग सगळ्यात शेवटी. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू होतं, कारखान्याकडून गाडीची मागणी येते, आणि गडबडीत लोक पिवळा रंग मारून मशीन लावून देतात. त्याआधी १० तास रिकामं आणि हलक्या कामावर चालवा. मग गियर बॉक्स आणि हायड्रॉलिकचे फिल्टर काढून कापा, कागद उलगडून उन्हात धरून बघा. पितळेची चकाकी दिसली तर बुश किंवा क्लच प्लेट झिजतेय, लोखंडाचे कण चुंबकाला लागतात, रबराचे तुकडे म्हणजे होज आतून सोलतोय. फिल्टर स्वच्छ निघाले तर नवीन बसवून मशीन कामावर जाऊ द्या, आणि ५० तासांनी पुन्हा हेच करा.